समुद्रातले फलाट, जमिनीवरचे कागद

खान्देशात ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द उच्चारला की कोणाच्याही डोळ्यांसमोर रेल्वेचे स्थानकच उभे राहते. पाचोऱ्याला तर हा शब्द दोन मापांचा आहे. एक भुसावळ-मनमाड या मोठ्या मार्गाचा आणि दुसरा जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीचा. ही छोटी गाडी २०२० साली थांबली. याच शब्दाचा तिसरा अर्थ, म्हणजे भर समुद्रात पोलादी पायांवर उभा असलेला तेलाचा फलाट, आमच्या भागात वर्तमानपत्रांतून आला आणि वर्तमानपत्रांतच राहिला. येथून मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर, आणि मुंबईच्या किनाऱ्यापासून बॉम्बे हायचे क्षेत्र आणखी साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांनी, त्यातही साहित्याचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांनी, या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर ठरणार नाही.

त्याचे एक उत्तर अमिताव घोष यांनी १९९२ साली दिले आहे. अब्दुलरहमान मुनीफ यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने लिहिलेल्या ‘पेट्रोफिक्शन’ या निबंधात त्यांनी विचारले होते की, मसाल्याच्या व्यापाराने जगाला एवढे साहित्य दिले, मग तेलाने इतके थोडे का दिले? त्यांच्या विवेचनाचा आशय थोडक्यात असा की, तेलाच्या कामावर जमणारी माणसे एका भाषेची, एका गावाची, एका आठवणीची नसतात; आणि कादंबरीला तर स्थळ लागते, समाज लागतो. हे विवेचन अरबी वाळवंटाविषयीचे असले तरी मराठीलाही ते तंतोतंत लागू पडते. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे लाभले, अण्णा भाऊ साठे लाभले, संपानंतरची राखरांगोळी रंगमंचावर आणणारे जयंत पवारांचे ‘अधांतर’ लाभले. त्याच मुंबईच्या पश्चिमेला अर्ध्या शतकापासून चालू असलेल्या उद्योगातला कामगार मात्र मराठी वाचकाला पात्र म्हणून भेटत नाही. तो भेटतो केवळ दुर्घटनेच्या बातमीत, आणि तेथेही आकडा म्हणून. साहित्य नसेल तर कागद वाचावेत, या विचाराने आम्ही या इतिहासाकडे वळलो. अहवाल, नियम, हवामानाचे इशारे, कामाचे परवाने हेही मजकूरच आहेत, आणि येथे तर मजकूर वाचला गेला की नाही यावर माणसांचे जगणे-मरणे ठरलेले आहे.

मुळापासून पाहू. तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १४ ऑगस्ट १९५६ ची. १९५९ च्या कायद्याने तो वैधानिक आयोग झाला. समुद्रातली पहिली विहीर १९७० मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेट येथे खोदली गेली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल शोधले, आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. आधी तेल जहाजांनी किनाऱ्यावर येई, पुढे उरणपर्यंत नळवाहिनी टाकली गेली. १९८० च्या दशकात या क्षेत्राचे उत्पादन वर्षाला सुमारे २ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचले. तेलाच्या आयातीने जेरीस आलेल्या देशाला हा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना १९७३ च्या तेलसंकटाची आठवण असणाऱ्यांना सहज येईल.

त्या काळातल्या कामाच्या रचनेत एक सरळपणा होता. मालक एक, बहुतेक माणसे त्याच्या हजेरीपटावरची, आणि साहेब व कामगार एकाच हेलिकॉप्टरने जुहूहून निघणारे. १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी ही पाळी याच रचनेतून आली आणि कायम कर्मचाऱ्यांसाठी रूढ झाली. मात्र या सरळपणालाच सुरक्षितता समजण्याची चूक करू नये. १९८२ साली ‘सागर विकास’ या रिगवर विहीर बेकाबू होऊन उसळली होती. ते आयोगाच्या भरभराटीचेच दिवस होते. सरकारी मालकी म्हणजे आपोआप जपणूक, हा आपल्याकडच्या डाव्या-समाजवादी लेखनातला एक लाडका समज आहे. इतिहासात त्याला फारसा आधार सापडत नाही. आयोगाच्या काळात एक गोष्ट मात्र स्पष्ट होती. काही बिघडले तर कोणाच्या दारात जायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

हे दार हळूहळू अनेक दारांत वाटले गेले. १९८५ मध्ये हेलिकॉप्टर सेवेसाठी स्वतंत्र सरकारी कंपनी निघाली, तीच पुढे पवन हंस म्हणून ओळखली गेली. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आयोगाचेच रूपांतर ठरले. २३ जून १९९३ रोजी कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि १ फेब्रुवारी १९९४ पासून आयोगाचा कारभार तिच्याकडे गेला. इंग्रजी आद्याक्षरे बदलली नाहीत, त्यामुळे हा बदल बाहेरच्यांच्या फारसा लक्षात आला नाही. ‘सी’ कमिशनचा होता, तो कॉर्पोरेशनचा झाला. आद्याक्षरांमागे एवढे मोठे स्थित्यंतर लपावे, हे भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगे आहे. २००१ नंतर अंतर्गत पुनर्रचना झाली आणि तेलक्षेत्रे ‘अ‍ॅसेट’ या नावाने स्वतंत्र कारभाराची एकके बनली. जहाजे, बार्ज, रंगकाम, वेल्डिंग, खानपान, नळ टाकणे अशी कामे मोठ्या प्रमाणात कंत्राटांवर गेली. कंत्राटदाराचा पोटकंत्राटदार, त्याला जहाज भाड्याने देणारा मालक, त्या मालकाला माणसे पुरवणारा दलाल, अशी साखळी तयार झाली.

ही साखळी खान्देशी वाचकाला परकी वाटू नये. आमच्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत मुकादम कामगार आणतो, उचल देतो, हजेरी मांडतो. शेठजीला मजूर नावाने ठाऊक नसतो आणि मजुराला शेठजी चेहऱ्याने ठाऊक नसतो. मुंबईच्या गिरण्यांतल्या जॉबरविषयी १९३१ च्या रॉयल कमिशनने जे लिहिले, त्याचाही रोख असाच होता. समुद्रातील फरक एवढाच की तेथे काम सोडून पायी घरी निघता येत नाही. जिनात आग लागली तर माणूस फाटकाकडे धावतो, पण फलाटावर फाटक नाही.

आता २७ जुलै २००५ कडे येऊ. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबई पाण्याखाली होती. बॉम्बे हाय नॉर्थ या फलाटसमूहाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे साहाय्यक जहाज काम करीत होते. जहाज ओएनजीसीच्या मालकीचे, पण चालविणारी भारतीय नौवहन महामंडळ, म्हणजे शिपिंग कॉर्पोरेशन. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना कापून इजा झाली. त्याला उपचारासाठी हलवायचे होते, परंतु पावसाळी हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. तेव्हा जहाज फलाटाजवळ न्यावे आणि क्रेनच्या टोपलीतून माणूस वर घ्यावा, असे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून वाऱ्याच्या तोंडाची बाजू निवडली गेली. जहाजाच्या थ्रस्टरमध्ये, म्हणजे त्याला जागेवर स्थिर ठेवणाऱ्या पंख्यांच्या यंत्रणेत अडचण होती, म्हणून ते हाताने हाकले जात होते. जखमी माणूस वर पोहोचला. त्यानंतर लाटेने जहाज फलाटाकडे लोटले आणि त्याच्या हेलिडेकचा धक्का वायूच्या उभ्या नळाला बसला. वायू सुटला, पेटला, आणि सुमारे २ तासांत तो अवघा फलाट समुद्रात गेला. ‘समुद्र सुरक्षा’लाही आग लागली, आणि काही दिवसांनी ते बुडाले.

फलाट, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसे होती. ३६२ वाचली, २२ गेली. फलाटसमूहाच्या ८ जीवनरक्षक नौकांपैकी २ आणि १० तराफ्यांपैकी १ एवढेच पाण्यात उतरवता आले. जहाजावरच्या दाबकक्षात ६ पाणबुडे अडकले होते. खोल पाण्यातल्या कामासाठी त्यांची शरीरे दाबाखाली ठेवलेली असल्याने त्यांना एकाएकी बाहेर काढता येत नव्हते. त्यांची सुटका सुमारे ३६ तासांनी झाली. या साऱ्या प्रसंगात आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्याचे मूळ. त्यात निष्काळजी, दुष्ट असा कोणी नाही. एका स्वयंपाक्याची बोटे वाचावीत या कळकळीतून निघालेला तो निर्णय आहे. क्रेन बंद असणे एका विभागाच्या नोंदवहीत, थ्रस्टरची अडचण दुसऱ्या संस्थेच्या नोंदवहीत, हेलिकॉप्टरची अनुपलब्धता तिसऱ्या ठिकाणी, आणि नळ बाहेरच्या अंगाला उघडा असणे कित्येक वर्षांपूर्वीच्या आराखड्यात. प्रत्येक गोष्ट कोणाला तरी ठाऊक होती. संस्था जितक्या अधिक, तितक्या या वह्या एकमेकींपासून लांब, असे आम्हांला हा वृत्तांत वाचताना प्रकर्षाने वाटले.

येथे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फाची आठवण अपरिहार्य ठरते. ६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे या फलाटावर १६७ माणसे मृत्युमुखी पडली. तेथला प्रारंभ तर अक्षरशः कागदाचा आहे. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि त्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. त्याचा परवाना लिहिलेला होता. पाळी बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रपाळीच्या लोकांनी पहिला सुरू केला, कारण झडप काढल्याचा कागद त्यांच्यापुढे आला नव्हता. लगतच्या दोन फलाटांवरून तेल-वायू येतच राहिला, कारण उत्पादन थांबविण्याचा निर्णय आपल्या अखत्यारीत आहे असे तेथील अधिकाऱ्यांना वाटले नाही. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी होत्या. त्यांतली आमच्या दृष्टीने कळीची शिफारस यंत्राविषयी नाही, खात्याविषयी आहे. तेल काढण्याला उत्तेजन देणाऱ्या ऊर्जा खात्याकडेच सुरक्षेची देखरेख होती, ती काढून आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीकडे द्यावी, अशी ती शिफारस. ती १९९१ मध्ये अमलात आली. नॉर्वेने २००४ मध्ये सुरक्षेचे प्राधिकरण वेगळे केले. अमेरिकेला ही जाग मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या डीपवॉटर होरायझनच्या स्फोटात ११ कामगार गेल्यावर आली, आणि परवाने देणारे व तपासणारे खाते तोडून वेगळे केले गेले. म्हणजे संस्थात्मक बदल नेहमी कामगाराच्या मुळावरच येतो, असे म्हणता येत नाही. बदल कोणत्या दिशेने आणि कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ पासून मानके लिहीत होते. मात्र समुद्रातल्या कामांसाठी वैधानिक नियम आणि ते राबविण्याचा अधिकार २००८ च्या नियमावलीने आला, म्हणजे बॉम्बे हाय नॉर्थच्या आगीनंतर ३ वर्षांनी आणि पहिल्या उत्पादनानंतर ३२ वर्षांनी. शिवाय हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे, आणि ओएनजीसीमधील सरकारचे मालकपणही त्याच मंत्रालयातून चालते. कलन यांनी जी गाठ सोडवावी म्हणून सांगितले होते, ती येथे बांधलेलीच आहे. उरलेले अधिकार विखुरलेले. जहाज नौवहन महासंचालनालयाचे, हेलिकॉप्टर नागरी उड्डाण महासंचालनालयाचे, मजूर श्रम मंत्रालयाचा, आणि मृतदेह पोलिसांचा.

हेलिकॉप्टरचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की, कामावर जाणे-येणे हेच या कामातले एक मोठे संकट आहे. ११ ऑगस्ट २००३ रोजी एका खासगी कंपनीचे भाड्याचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ च्या अपघातात पवन हंसच्या हेलिकॉप्टरमधले सर्व ७, आणि २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ ९ पैकी ४. कायम नोकरी आणि अधिकारपद येथे संरक्षण देत नाही. २०१८ च्या मृतांत ओएनजीसीचे ५ अधिकारी होते.

फलाटांच्या दुरुस्तीच्या व बांधणीच्या कामांवर येणाऱ्या शेकडो मजुरांना ठेवायचे कोठे, याचे उत्तर म्हणजे राहण्याचे बार्ज. बिनइंजिनाची, नांगरावर उभी, मजल्यांवर मजले चढविलेली तरंगती चाळ म्हटली तरी चालेल. ‘पी-३०५’ हे असेच बार्ज. मालक ड्युरमास्ट, भाड्याने घेणारी अ‍ॅफकॉन्स, काम ओएनजीसीचे. मे २०२१ मध्ये त्यावर २६१ माणसे होती. तौक्ते चक्रीवादळाचे इशारे हवामान खात्याने काही दिवस आधीपासून द्यायला आरंभ केला होता. बार्ज बंदरात परतले नाही. ते फलाटापासून सुमारे २०० मीटर सरकून तेथेच थांबले. हा निर्णय बार्जच्या कप्तानाचा होता आणि सागरी बाबींची जबाबदारी जहाजमालकाची होती, असे नंतर कंत्राटदार कंपनीने जाहीर केले. १७ मे रोजी नांगर तुटले, बार्ज वाहवत जाऊन एका निर्मनुष्य फलाटावर आदळले, त्याला भोक पडले आणि संध्याकाळी ते बुडाले. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी खवळलेल्या अंधाऱ्या समुद्रातून माणसे वेचली. बार्जवरची १८६ वाचली. सोबतच्या ‘वरप्रदा’ या टगवरच्या १३ पैकी २. एकूण ८६ मृत्यू. पुष्कळसे तराफे फाटके निघाले, असे वाचलेल्यांनी सांगितले.

या घटनेत ‘इशारा’ हा मजकूर कसा प्रवास करतो, ते पाहण्यासारखे आहे. हवामान खात्याने तो सर्वांसाठी लिहिला. तेल कंपनीने तो कंत्राटदारांना पाठविला, कंत्राटदारांनी जहाजांना. प्रत्येक टप्प्यावर तो ‘पाठविला’ अशी नोंद झाली, म्हणजे पाठविणाऱ्याचे काम कागदोपत्री पूर्ण झाले. शेवटच्या टप्प्यावर, वेल्डर आणि रंगाऱ्याच्या हाती, निवड करण्यासारखे काही उरले नव्हते. पायपर अल्फावर कागद पोहोचला नाही म्हणून माणसे मेली. येथे कागद पोहोचला, पण त्याबरोबर अधिकार पोहोचला नाही. १९८० साली नॉर्वेच्या हद्दीतले ‘अलेक्झांडर किलँड’ हे राहण्याचे फलाट वादळात उलटून २१२ पैकी १२३ माणसे गेली होती. तेही कामाचे ठिकाण नव्हते, कामगारांच्या झोपण्याचे ठिकाण होते. कामाच्या जागेसाठी नियम कडक करताना निवाऱ्याची जागा दुय्यम समजली जाते, हे दोन्ही समुद्रांत सारखेच दिसले.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका घटनेशी याचा ताडा जुळवण्याचा मोह होतो. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे आणि माहेजी या स्थानकांच्या दरम्यान लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस साखळी ओढल्याने थांबली. आग लागल्याची आवई उठली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली १२ हून अधिक जण गेले. ही रेल्वेची दुर्घटना आहे, तेलाची नव्हे, आणि तिच्यामागचे कारण पूर्णपणे निराळे. तरीही उत्तरेतून मुंबईला पोटासाठी जाणाऱ्या माणसांच्या हाती वेळेवर खरी माहिती कोण देतो, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. १९१८ साली याच मार्गावर भादलीजवळ बालकवी रुळांवर गेले. ती तारीख आमच्या प्रत्येक वाङ्मयेतिहासात आहे, आणि असायलाच हवी. परधाड्याच्या मृतांची नावे येथल्या लोकांनाही सलग सांगता येणार नाहीत.

तेलाच्या समुद्रावर जहाजावरील माणसांच्या यादीला ‘पीओबी’ म्हणतात. परिस्थिती कशीही असो, ही संख्या रोज कळवायची असते. संकटात सर्वांत आधी तीच मागितली जाते. ‘पी-३०५’ बुडाल्यावर काही देह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही थेट वलसाडकडे गेले. कित्येक ओळखण्याच्या स्थितीत नव्हते. केरळपासून बंगालपर्यंतचे नातेवाईक मुंबईत आले, रुग्णालयात त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले, आणि डीएनए जुळेपर्यंत थांबावे लागले. यादीतले नाव आणि शवागारातला देह यांची जोडणी आठवडे चालली. ज्यांची ओळख पटली त्यांचे देह विमानाने वा रस्त्याने गावोगावी रवाना झाले.